माठ गार होत नाही तिथे

मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की जळगाव-धुळ्यातल्या घरांना दोन वस्तू तारून नेतात : ओट्यावरचा माठ आणि खिडकीतला कूलर. दोन्हींचे काम एकाच तत्त्वावर चालते. पाण्याची वाफ होताना ते सभोवतालची उष्णता शोषून घेते. खानदेशातली उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी झपाट्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते. हाच माठ मे महिन्यात अलिबाग किंवा दापोलीला नेऊन ठेवला तर पाणी जेमतेम गार होईल. कूलर तर खोलीतला चिकचिकाट वाढवेल. तिथल्या हवेत आधीच इतके बाष्प असते की आणखी वाफ सामावून घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही.

माणसाची त्वचा हीदेखील माठासारखीच चालते. सुट्टीत समुद्राकाठी निघालेल्या खानदेशी कुटुंबांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

अलीकडे या सहलींची तऱ्हा बदलली आहे. हॉटेलात दोन खोल्या घेण्याऐवजी दोन-तीन भाऊ, त्यांच्या बायका-मुले आणि आजी-आजोबा असे बारा-पंधरा जण मिळून एक अख्खा व्हिलाच भाड्याने घेतात. अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, गुहागर, तारकर्लीपासून थेट गोव्यापर्यंत असे व्हिले मिळतात. माणशी खर्च बसतो बेताचा, स्वयंपाकघर हाताशी असते, अंगणात पोहण्याचा तलाव असतो आणि मुलांना मोकळे रान मिळते. कल्पना उत्तमच आहे. फक्त हॉटेलात जी माणसे आपल्या नकळत आपली काळजी वाहत असतात, ती इथे नसतात. तलावावर जीवरक्षक नसतो, रात्री दोन वाजता फोन उचलणारा कारकून नसतो, ओळखीचा डॉक्टर नसतो. असतो तो एक राखणदार, आणि तोही संध्याकाळी घरी जातो. म्हणजे ही सगळी कामे कुटुंबातल्याच कोणाला तरी करावी लागतात, आणि ती कोणी करायची हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

आधी उकाड्याचे पाहू. ‘आम्ही ४५ अंशांत राहणारी माणसे, ३४ अंशांचे आम्हाला काय?’ असे प्रत्येक गाडीत कोणीतरी म्हणतेच. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम थेंब-थेंब खाली गळून गेला तर जवळजवळ काहीच जात नाही. जळगावात घाम आलेला कळतही नाही, कारण तो येताच वाळतो. कोकणात सदरा पिळून काढावा इतका घाम येतो आणि अंग मात्र तापलेलेच राहते. पाणी आणि मीठ गेले ते गेलेच, थंडावा काही मिळाला नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशी तिथला पारा ३८ अंशांच्या आसपास होता. भुसावळकराला तो आकडा सौम्य वाटेल. दमट हवेत आणि उघड्यावर तासन्‌तास बसलेल्या माणसाला तो सौम्य नसतो.

नव्या हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि सहल असते तीन दिवसांची. म्हणजे सवय होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावर सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर जावे, मधले अकरा ते चार सावलीत किंवा घरात काढावेत. ताक, लिंबू सरबत, शहाळे, साधे पाणी चालू ठेवावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी किती प्यावे, हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांबद्दलही निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे, मनानेच गोळी बंद करू नये. राहिला खिशातला कांदा. तो तिथे उपयोगी पडत नाही, आणि खरे तर इथेही पडत नाही.

एक गोष्ट इथल्या जाणत्या माणसांनाही चकवते. ऊन लागलेल्या माणसाचे अंग कोरडे आणि तापलेले असते, हे खानदेशात घरोघरी माहीत आहे. दमट हवेत किंवा खेळता-धावताना झालेल्या उष्माघातात रोगी घामाने निथळत असू शकतो. ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असे समजून थांबू नये. त्याचे बोलणे पाहावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भट्टीसारखे लागत असेल, तर तो उष्माघात समजावा. १०८ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नये. सावलीत आडवे करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पंखा जोरात लावावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो.

माठाचा विषय निघालाच आहे तर इन्सुलिनबद्दलही सांगायला हवे. फ्रिज नसलेल्या अनेक घरांत इन्सुलिनची बाटली ओल्या मातीच्या मडक्यात ठेवतात. कोरड्या हवेत ती युक्ती चांगली आहे, कोकणात ती फसते. तिथे व्हिल्याचा फ्रिजच वापरावा, मात्र बर्फाच्या कप्प्यात बाटली ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. प्रवासात ते थर्मासमध्ये किंवा थंड पिशवीत, माणसांसोबत पुढे ठेवावे. मे महिन्यात ढाब्यासमोर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची डिकी ही औषधांची जागा नव्हे. त्याच बंद गाडीत झोपलेले मूल ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही ठेवू नये.

मधुमेही माणसांसाठी आणखी एक गोष्ट. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर दुपारची तापलेली वाळू चटका देते, पण कळत नाही. संध्याकाळी तळव्याला फोड दिसतो आणि पुढे महिनोन्‌महिने जखम भरत नाही. वाळूत आणि पाण्यातही चप्पल घालूनच जावे, आणि रोज रात्री कोणाकडून तरी तळवे पाहून घ्यावेत.

आता तलाव. या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. लहान मूल बुडते तेव्हा सिनेमातल्यासारखी ओरड होत नाही, हातपाय आपटले जात नाहीत. श्वास घेण्याचीच धडपड चाललेली असते, हाक मारायला हवा कुठून आणणार? डोके पाण्याच्या पातळीला, तोंड किंचित वर आणि मिनिटाभरात मूल खाली जाते. पलीकडे दहा फुटांवर वडीलधारी मंडळी चहा घेत बसलेली असतात. मोठ्या कुटुंबात तर हा धोका वाढतोच. पंधरा माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष असेलच.

यावरचा उपाय खानदेशातल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावा लागत नाही. पीक हाताशी आले की शेताची राखण पाळीपाळीने करतात, कोणाची पाळी कधी हे ठरलेले असते. तलावाचीही अशीच राखण लावावी. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहायचे. हातात मोबाइल नको, पत्ते नकोत, मद्य तर नकोच. अर्ध्या तासाने दुसऱ्याला ‘आता तुझी पाळी’ असे तोंडाने सांगून मगच उठायचे. पाच वर्षांखालचे मूल पाण्यात असेल तर राखणदार हाताच्या अंतरावर, पाण्यातच हवा. हवा भरलेली चाके आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये.

बहुतेकांना वाटते की धोका पोहण्याच्या वेळी असतो. पण मूल तलावात पडते ते बरेचदा पोहण्याची वेळ नसताना : सकाळी सगळे झोपेत असताना, सामान उतरवण्याच्या गडबडीत, स्वयंपाकाच्या वेळी. म्हणून व्हिला ठरवतानाच मालकाला विचारावे की तलावाला कुंपण आहे का, त्याच्या फाटकाला मुलाच्या हाताला न लागणारी कडी आहे का, कोणत्या टोकाला किती खोली आहे. कुंपण नसेल आणि घरात रांगते-चालते मूल असेल, तर दुसरा व्हिला शोधणे शहाणपणाचे. तेवढे जमत नसेल तर तलावाकडे उघडणारे दार वरच्या कडीने कायम बंद राहील, ही जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर लिहून टाकावी. मूल दिसेनासे झाले की पहिली धाव तलावाकडे. खोल्या नंतर शोधता येतात.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यांत मोलाची मिनिटे जातात. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो प्राणवायू. मान किंचित मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावेत, दोन ते पाच. तान्ह्या बाळाचे नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावे. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबावे, पुन्हा २ श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावे. दुसऱ्याने १०८ला फोन करायचा. कुटुंबातल्या दोघांनी तरी हे निघण्यापूर्वी एखाद्या प्रशिक्षणात पुतळ्यावर करून पाहिलेले असावे, वाचून हाताला येत नाही. मूल शुद्धीवर आले, हसले-खेळले, तरी रुग्णालयात नेऊन काही तास देखरेखीखाली ठेवावे. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास उशिराही दिसतो.

समुद्राची गोष्ट वेगळी. खानदेशातल्या जुन्या पिढीने पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकले. तापी, गिरणा, पांझरेत डुंबलेली ही माणसे समुद्रातही तशाच विश्वासाने उतरतात. विहिरीला काठ असतो, हात लांबवला की दगड सापडतो. समुद्रात मागे परतणारे पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढत नेते. गंमत म्हणजे नवख्याला हाच पट्टा सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच तिथे पाणी शांत दिसते. त्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे सरळ पोहत राहणारा माणूस थकतो आणि बुडतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन त्या पट्ट्यातून बाहेर पडावे. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता. भर दुपार होती.

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पाण्यात जावे, लाल झेंडा असेल तिथे उतरू नये. जीवरक्षक दिवसा असतात, सूर्यास्तानंतर नाही. कोकणातल्या अनेक सुंदर, निर्जन किनाऱ्यांवर कोणीच नसते, आणि तिथे पाणी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत गेलेल्यांनी परतीची वेळ स्थानिक माणसाला विचारूनच आत जावे.

पाण्यात जेलीफिशचे तंतू अंगाला लागले तर आग होते. त्यावर वाळू चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढावेत आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवावा. वाळूत दडलेल्या पाकट माशाचा काटा पायात घुसला तरी गरम पाण्यानेच वेदना उतरते, पण त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे, कारण काट्याचा तुकडा आत राहतो.

विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला काही शिकवले आहे. तिथल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी लहान मुले हृदय आणि फुप्फुसांवरच्या परिणामामुळे दगावत. महाडमध्ये काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची लक्षणे बारकाईने टिपली, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात मांडली, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वेळेत दिले तर रोगी वाचतो हे दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. यातला ‘वेळेत’ हा शब्द सहलीला गेलेल्यांसाठी महत्त्वाचा. विंचू चावल्यावर खूप घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे ही विष अंगात भिनल्याची खूण आहे. अशा वेळी कांदा-चुना लावत बसू नये, तडक सरकारी रुग्णालय गाठावे. सापाचेही तेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. दंशाचा भाग हलवू नये, आवळून बांधू नये, चिरू नये, आणि साप मारून सोबत नेण्याच्या फंदात पडू नये. रात्री अंगणात विजेरी आणि बूट, सकाळी बूट झटकून घालणे, एवढ्याने निम्मे प्रसंग टळतील. नारळाखाली खाट टाकून झोपण्याचा मोहही आवरावा.

जेवणात खानदेशी पोट मिरचीला घाबरत नाही. त्याला अडचण होते ती समुद्री मासळीची. गिरणेचा मासा खाल्लेल्या माणसाला कोळंबी, खेकडा, तिसऱ्या सोसतीलच असे नाही. पहिल्यांदा खाताना थोडेसेच खावे, आणि मुलांना पहिल्यांदा द्यायचे असेल तर रात्री उशिरा देऊ नये. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर गोळीने भागेल, पण घसा आवळल्यासारखा होऊन धाप लागली तर मिनिटेही दवडू नयेत. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यावर बर्फात नीट ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामीन तयार होते. ते शिजवून नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे हा त्याचाच प्रकार. बाजारातून मासे आणायचे तर सकाळी, बर्फासकट. व्हिल्याचे पाणी विहिरीचे की टँकरचे, हे विचारून प्यायचे पाणी उकळावे. ओआरएसची पुडी छापलेल्या मापाएवढ्याच पाण्यात मिसळावी, मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकण्याची सवय मुलांना घातक ठरू शकते.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तो आत आहे की बाहेर, ते पाहावे. बंद न्हाणीघरात जळणारा गिझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एकामागोमाग पंधरा जणांच्या अंघोळी होतात तेव्हा शेवटच्याला चक्कर येते. खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर बादलीत पाणी काढून गिझर बंद करून मग अंघोळ करावी.

वाटेबद्दल फार सांगायला नको. धुळ्याहून अलिबाग चारशे किलोमीटरच्या आसपास, जळगावहून त्याहून जास्त. रात्रभर गाडी हाकून सकाळी समुद्रावर पोहोचण्याचा बेत चालकाच्या पहाटेच्या डुलकीवर अवलंबून असतो. दोन चालक असावेत, दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करावेत. गोव्याला जायचे तर भुसावळ-जळगाववरून मंगला एक्स्प्रेस आहेच.

व्हिल्यावर पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. मोबाइलला कुठे रेंज मिळते ते पाहावे, आणि राखणदाराला विचारून जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे व्हिल्याच्या नेमक्या पत्त्यासह कागदावर लिहून दारामागे चिकटवावे. घाबरलेल्या माणसाला १०८वर बोलताना आपण कोणत्या वाडीत आहोत हे आठवत नाही. मोठ्या उपचारांसाठी अलिबाग, रत्नागिरी, ओरोसची जिल्हा रुग्णालये आणि गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोंगराकडेच्या व्हिल्यातून तिथवर पोहोचायला दीड-दोन तास लागू शकतात, हे घरात हृदयरोगी असेल तर जागा ठरवतानाच धरून चालावे.

सहल संपते, फोटो वाटून होतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी कोणाला तरी ताप येतो. अशा वेळी डॉक्टरांना ‘कोकणात जाऊन आलो’ हे आपणहून सांगावे, कारण जळगावच्या दवाखान्यात ते कोणी विचारेलच असे नाही. करवंट्यांत आणि कुंड्यांत साचलेल्या पाण्यावरच्या डासांनी डेंग्यू दिलेला असू शकतो. हिवताप असू शकतो. पावसाळ्यात भाताच्या खाचरातून अनवाणी फिरला असाल तर लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्याच्या सत्तरी भागातल्या जंगलात जानेवारी ते मेदरम्यान भटकंती झाली असेल तर गोचिडांमुळे होणारा माकडताप असू शकतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अंगदुखीसाठी घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नये, तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप एका दिवसात उतरला तरी रक्ताची तपासणी टाळू नये, हिवतापाचा ताप मध्येच उतरून पुन्हा येतो.